सातवं भोक

विनीतच्या हाताला दुरुस्तीचा गुण होता, धीर तेवढा नव्हता. नळ गळायला लागला की सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून आवळायची, स्क्रू पिळायचा कंटाळा आला की तो हातोडीने ठोकायचा, बिजागरी सैल झाली की भोकात आगकाडी खुपसायची, आणि दोन पावलं मागे सरून म्हणायचं, "झाला काम!" आणि काम खरंच झालेलं असायचं. तेच तर वाईट होतं. एखाद्या खेपेला काही कोसळलं असतं, निदान भिजलं असतं, तर रसिकाला बोलायला तोंड मिळालं असतं. लग्नाला पाच वर्षं झाली, ते काही मिळालं नव्हतं.

उलट नाव पडलं होतं ते तिचंच. रसिका म्हणजे भित्री. बी.एस्सी. झालेली, पण अडीच वर्षांच्या ईशाला द्राक्षं द्यायची तर एकेकाचे चार तुकडे करणारी. आंघोळीच्या पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवून बघणारी. शेजारच्या कमलाकाकी तर तोंडावर म्हणायच्या, "तुझ्या पोरीला एकदा पडू दे गो अंगणात. पडल्याशिवाय उभी राहील कशी ती?"

डिसेंबरच्या शेवटी रसिकाला ईशाच्या खाटेमागे भिंतीवर मातीची एक रेघ दिसली. बोटाएवढी जाड, फरशीपासून वर चढत खाटेच्या कडेपर्यंत आलेली. तिने झाडूच्या काडीने ती फोडली, तर आत पांढरे किडे वळवळले. वाळवी. त्या दिवसापासून ती ईशाला आपल्या कुशीत निजवू लागली आणि तिने शहरातल्या वाळवीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, आठ दिवसांनी येतो. आणि मग त्याने विचारलं, "घराजवळ विहीर आहे का? किती फुटांवर? आधी बघून जाईन, मग औषधाचं ठरवू."

विनीतला हे सांगितल्यावर तो हसत सुटला. "विहीर बघून काय करणार तो? पोहायला उतरणार?"

रसिकालाही हसू आलं. आणि तिनेच म्हटलं, "आठ दिवसांत गादीत शिरेल हो ती. काहीतरी करा ना लवकर."

काहीतरी म्हणजे काय, ते विनीतला विचारावं लागत नसे. रविवारी सकाळी तो मिरजोळ्याच्या आपल्या कंपनीतून, जिथे तो कामाला होता, मागून आणलेलं ड्रिल घेऊन घराच्या मागच्या भिंतीशी बसला. मांगरातून, म्हणजे कलमांच्या बागेतल्या त्यांच्या खोपटातून, त्याने थंड पेयाची एक मोठी बाटली आणली होती. आंब्याच्या मोहोरावर फवारायच्या औषधाची दोन वर्षांची शिल्लक. अर्धी बाटली ह्याची, पाव बाटली त्याची, कशाला जागा अडवा म्हणून त्यानेच कधीतरी एकत्र ओतून ठेवलेली.

"ह्यात नक्की काय काय आहे?" रसिकाने विचारलं.

"तुडतुडा मारायचं औषध. तुडतुडा मरतो तर वाळवी काय अमरपट्टा घेऊन आलीय?"

"आणि प्रमाण?"

"पंपाला एक झाकण. ही जाड कातडीची, तिला चार."

ईशाला कमलाकाकींकडे ठेवून रसिका नाकाला ओढणी बांधून नरसाळं धरायला बसली. भिंत आणि जमीन मिळते त्या रेषेवर विनीतने हातभर अंतराने दहा भोकं पाडली. जांभा दगड ड्रिलखाली लाल पिठासारखा भुरभुरत बाहेर आला. औषध बादलीतल्या पाण्यात पडताच दुधासारखं पांढरं झालं होतं. पहिली सहा भोकं शहाणी निघाली. एकेक तांब्या प्यायली, तोंडाशी बुडबुडा आणला आणि भरली.

सातवं भोक भरेना.

विनीतने दुसरा तांब्या ओतला. मग तिसरा, मग पाचवा. नरसाळ्यातून औषध गपगप खाली जात होतं, आणि खालून बुडबुडा नाही, आवाज नाही. रसिकाने वाकून कान लावला. खूप लांबून, जमिनीच्या पोटातून, काहीतरी ठिबकल्यासारखं ऐकू आलं.

"अहो, हे जातंय कुठे?"

"वाळवीच्या राणीकडे. तहानलीय बिचारी." त्याने बादलीच उचलली आणि तळाचं सगळं त्या एका भोकात रिकामं केलं. उरलेल्या तीन भोकांना काही मिळालंच नाही. वरून सिमेंटचा लपका मारून त्याने हात झटकले. "झाला काम!"

ती जागा विहिरीपासून बारा पावलांवर होती. विहीर दोन घरांची. विनीतच्या वडिलांनी आणि कमलाकाकींच्या यजमानांनी, बाबाजींनी, मिळून खणलेली. पाणी एक, पंप दोन. रसिकाने रविवारी दिवसभरात एकदाही ही बारा पावलं मोजली नाहीत. मोजली ती सोमवारी.

सोमवारी सकाळी विनीतने सहाला पंप लावून टाकी भरली आणि तो पहिल्या पाळीला गेला. रसिकाने त्याच पाण्यात ईशाला नाचणीचं सत्त्व शिजवून दिलं. वाटीतलं निम्मंअधिक पोटात गेलं, बाकी फ्रॉकवर. फ्रॉक धुवून वाळत घालायला म्हणून ती साडेआठच्या सुमारास मागे आली आणि सवयीने तिने विहिरीत डोकावून पाहिलं.

विहिरीत मासे होते. डासांची अळी खातात म्हणून आरोग्यखात्याच्या बाईंनी दोन वर्षांपूर्वी सोडलेले, नखाएवढे. रोज ते काळ्या पाण्यात सरसर पळताना दिसायचे. आज ते पळत नव्हते. आज ते सगळे वर आले होते, पोटं आभाळाकडे करून, जसे कोणी मूठभर मुरमुरे फेकावेत तसे. आणि घराच्या बाजूला, जिथे जांभ्याच्या कपारीतून झरा येतो, तिथे ओल्या दगडावरून एक पांढरी पुसट रेघ पाण्यात उतरत होती.

तो पांढरा रंग रसिकाने ओळखला. काल सकाळभर तो तिच्या हातातल्या नरसाळ्यातून गेला होता.

ओला फ्रॉक तिथेच पडला. ती धावत घरात आली. ईशा जमिनीवर बसून डब्याची झाकणं एकावर एक रचत होती. रसिकाने तिचं तोंड उघडून बघितलं, कपाळ चाचपलं, तोंडाचा वास घेतला. ईशा हसली. हसताना तिच्या हनुवटीवर लाळ ओघळली. रोजच ओघळायची. आज रसिकाने ती बोटावर घेऊन उजेडात बघितली.

विनीतने चौथ्या वेळी फोन उचलला. मागे यंत्रांचा धडधडाट.

"मासे मेलेत. सगळे. अहो, ते औषध विहिरीत उतरलंय!"

"काहीतरी काय. थंडीने मेले असतील."

"पांढरी रेघ दिसतेय झऱ्याला. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. आणि ईशाच्या पोटात गेलंय ते पाणी."

पलीकडून विनीतचा आवाज आला, अगदी बारीक. "किती गेलं?"

"अर्धी वाटी सत्त्व."

"उकळलेलं ना? मग काही नाही होत. हे बघ, मी सुटी घेऊन येतो. आणि ऐक, काकीला एवढ्यात सांगू नको. उगाच बोभाटा नको. आधी मी येऊन बघतो."

रसिका फोन कानाला धरून खिडकीशी उभी होती. विष उकळल्याने मरत नाही, एवढं तिला कळत होतं. समोर गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या, पलीकडे कमलाकाकींचं अंगण. तिथे मृणाली, त्यांची लेक, पहिल्या बाळंतपणाला आलेली, आठवा महिना भरत आलेला, कोवळ्या उन्हात खुर्ची टाकून बसली होती. एक हात पोटावर. दुसऱ्या हातात स्टीलचा पेला. आज सांगितलं तर काकी उभ्या जन्मात तोंड बघणार नाहीत, हे रसिकाच्या मनात आलं. आलं, आणि क्षणभर टेकलं. तेवढ्यात मृणालीने पेला ओठांना लावला.

"मृणाली! पिऊ नको! टाक ते!"

आपला आवाज एवढा मोठा आहे, हे रसिकालाही ठाऊक नव्हतं. मृणालीच्या हातून पेला सुटला आणि खणखणत अंगणभर गेला. फोनमध्ये विनीत काहीतरी बोलत होता. तिने तो बंद केला आणि ईशाला कडेवर घेऊन गडग्याकडे धावली.

कमलाकाकी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "काय झाला गो? साप बघितलास की काय?"

रसिकाने धापा टाकत सगळं सांगितलं. काहीही वगळलं नाही. नरसाळं मी धरलं होतं, हेही. बाबाजी ऐकत ऐकतच विहिरीकडे गेले. वाकून बघितलं, आणि परत आले ते एखादा माणूस गेल्याची बातमी घेऊन यावेत तसे.

"जांभा म्हणजे काय एकसंध खडक वाटला तुमाला?" ते म्हणाले. "मधाचं पोळं हाय ते. खणताना आमचे हात जायचे आरपार. इकडे पाणी ओत, तिकडे निघतं. तुझ्या सासऱ्याला ठाऊक होतं. तुझ्या नवऱ्याला विचारायला काय झालं होतं?"

"सकाळपासून दोन पेले आणि चहा प्यायलेय मी," मृणाली म्हणाली. ती दोन्ही हातांनी पोट धरून उभी होती. "आई, बाळ हलत नाहीय."

"झोपला असेल. गप." कमलाकाकींचा आवाज फाटला. मग त्या रसिकावर उलटल्या. "बघत काय राहिलीस? पोरीला मिठाचा पाणी पाज. ओकून टाकू दे! धोंडूची रिक्षा येईपर्यंत तेवढा तरी कर!"

रसिका घरात धावली. विचार करायला तिच्याकडे जागाच नव्हती. तिने पेला घेतला, त्यात दोन चमचे मीठ टाकलं, ढवळलं आणि ईशाच्या दंडाला धरून तिला पाजलं. ईशा रडली, लाथा झाडल्या, प्यायली, ठसकली. मग घशात बोट घातल्यावर भडाभडा ओकली, आणि ओकता ओकताच खोकली. ठीक झालं, रसिकाला वाटलं. बाहेर आलं सगळं.

धोंडूने रिक्षा अशी हाणली की चढावर इंजिन रडायला लागलं. मागच्या सीटवर एका बाजूला मृणाली, मध्ये काकी, दुसऱ्या कडेला ईशाला घेऊन रसिका. ईशाच्या तोंडाला अजून आंबूस वास येत होता. रसिका पदराने तिचे ओठ पुसत होती, आणि पुसता पुसता तिचा हात थांबला.

मीठ आपण कशात कालवलं?

ओट्यावरच्या कळशीत. कळशी सकाळीच भरलेली. टाकीच्या नळाखाली.

अर्धी वाटी सत्त्वावर तिने आपल्या हाताने, दंड धरून, पेलाभर विष आणखी पाजलं होतं. कोपर बुडवून पाणी बघणारी ती. तिने तोंड उघडलं, पण शेजारी काकी मृणालीच्या पाठीवरून हात फिरवत "हलेल हां, हलेल" असं पुटपुटत होत्या, आणि रसिका नुसती ईशाच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत राहिली.

दवाखान्यात मात्र तिने सांगितलं. डॉक्टरीणबाई तिच्याच वयाच्या होत्या. त्यांनी ईशाच्या डोळ्यांत टॉर्च मारून बाहुल्या बघितल्या, पोटऱ्या दाबल्या, छातीला नळी लावली.

"ओकारी कोणी काढली?"

"मी. मिठाचं पाणी पाजून. आणि ते पाणी... तेही त्याच कळशीतलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी नळी कानांतून काढली. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "ह्या औषधांत रॉकेलच्या जातीचं तेल असतं. ओकताना ते छातीत जाऊ शकतं. ओकारी कधी काढायची नसते. खोकली का ती?"

"खोकली. एकदा. दोनदा."

"छातीचा फोटो काढू. आता पुन्हा खोकला येतो का, श्वास जोरात चालतो का, बघत राहा. आणि औषध कुठलं ते मला आत्ता कळायला हवं."

विनीत कंपनीच्या कपड्यांतच आला. वाटेत घरी जाऊन त्याने बाटली आणली होती. डॉक्टरीणबाईंनी ती हातात घेऊन फिरवली. "ह्यावर लिहिलंय, थंड करून प्या."

"दोन औषधं आहेत त्यात. एकाचं खोकं सापडलं मांगरात." त्याने दुमडलेलं खोकं पुढे केलं. "दुसऱ्याचं... हिरवं झाकण होतं."

"झाकणाच्या रंगावर मी इंजेक्शन देऊ?"

विनीतने एक नाव घेतलं. "बहुतेक तेच."

"बहुतेक, की नक्की? दोन्हीचे उपचार वेगळे आहेत."

रसिका त्याच्याकडे बघत होती. त्याच्या ओठांवर "नक्की" आलेलं तिला दिसलं. पाच वर्षांत तिने ते असं येताना शंभर वेळा पाहिलं होतं, आणि शंभर वेळा ते निघून गेलं होतं, आणि काम झालं होतं. विनीतने खाटेवरच्या ईशाकडे बघितलं. तिच्या पायाच्या बोटाला यंत्राची चिमटी लावली होती, आणि चिमटीचा लाल दिवा तिच्या नखातून उजळत होता.

"नाही माहीत," तो म्हणाला. "दुकानात जाऊन बाटली बघून येतो. अंदाज नको."

तो पाऊण तासाने आला. त्या पाऊण तासात रसिका खाटेवरून हलली नाही. ईशा दोनदा खोकली. पहिल्यांदा रसिकाने नर्सला हाक मारली. दुसऱ्यांदाही मारली. पडद्यापलीकडे मृणालीच्या पोटावर यंत्र ठेवलं होतं आणि नुसती खरखर ऐकू येत होती. खरखर, खरखर. मग एकाएकी घोडा दौडावा तसे ठोके सुरू झाले. काकींनी मोठ्याने हुंदका दिला. रसिकाला पडद्याआड जाऊन त्यांचा हात धरावासा वाटला. तो हक्क आपला राहिला नाही, म्हणून ती बसून राहिली.

विनीतने दुकानातून न उघडलेली हिरव्या झाकणाची बाटलीच आणली होती, शिवाय कागदावर मोठ्या अक्षरांत दोन्ही नावं, आणि दुकानदाराच्या वहीतून ताडून घेतलेली तारीख. त्याने घेतलं होतं ते नाव चुकीचंच निघालं. डॉक्टरीणबाईंनी कागद घेतला, मान हलवली, नर्सला काही सांगितलं. विनीत भिंतीशी टेकून खाली बसला. बाटलीचं घडी केलेलं माहितीपत्रक उलगडून मुंग्यांएवढी अक्षरं तो बोट ठेवून वाचायला लागला. ओठ हलत होते. एका ओळीवर बोट थांबलं ते थांबलंच.

"काय आहे?" रसिकाने विचारलं.

"विहीर, तळी, ओढा. ह्यांच्या जवळ वापरू नये." तो वर न बघता म्हणाला. "मासे मरतात, असंही लिहिलंय. पहिल्याच पानावर."

संध्याकाळी पाचच्या सुमारास डॉक्टरीणबाई परत आल्या. विहिरीच्या पाण्यात औषध खूप पातळ झालेलं असावं. छातीचा फोटो स्वच्छ आहे, बाहुल्या ठीक आहेत. तरी ईशा आणि मृणाली, दोघींना उद्या सकाळपर्यंत इथेच ठेवायचं. ते पाणी प्यायलेल्या बाकीच्यांनीही जरा काही वाटलं तर लगेच यायचं. विहिरीचं पाणी कशालाही वापरायचं नाही. नमुना तपासायला जाईल, विहीर उपसावी लागेल, पुन्हा नमुना जाईल.

"किती दिवस?" विनीतने विचारलं.

"महिना लागेल, दोनही लागतील."

"ब्लीचिंग पावडर टाकून जर..." तो बोलला आणि त्याचा त्यालाच हिसका बसला.

पडदा सरकवून कमलाकाकी बाहेर आल्या. दिवसभरात त्या पहिल्यांदाच विनीतशी बोलल्या. "विनीत, ऐक. तुझ्या कागदाबिगदावर माझा विश्वास नाय. विहीर साफ झाली, की पहिला पेला तू प्यायचा. माझ्या डोळ्यांदेखत. तू दोन दिवस उभा राहिलास, तर माझी पोर पिणार."

विनीत उभा राहिला. "पितो, काकी. तुम्ही म्हणाल तेव्हा."

"नाही प्यायचं," रसिका म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"काकी, तुम्ही मला काय हवं ते बोला. पण पिऊन बघायचं नाही. कोणीच नाही. पिऊन बघणं म्हणजेही अंदाजच. दोनदा तपासून कागद येईल, तोवर तुमच्या घरचं पाणीही आम्ही दोघं वाहून आणू. रोज. टँकर येवो न येवो."

"डोक्यावरून?"

"डोक्यावरून."

काकींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मृणाली दिवसाला चार वेळा आंघोळ करते," त्या म्हणाल्या आणि पडद्याआड गेल्या.

ईशाला जाग आली होती. तिचे ओठ सुकले होते. सकाळपासून तिला तोंडाने काही दिलं नव्हतं. "आई, पाणी."

"आता द्या थोडं," नर्स म्हणाली.

विनीतने विकतची बाटली आणली होती. त्याने झाकणाचं सील रसिकाला दाखवलं, मग तिच्यासमोर ते तोडलं. रसिकाने पेल्यात दोन बोटं पाणी घेतलं आणि उजेडात धरलं. स्वच्छ होतं. पण विहिरीतलंही पहाटे स्वच्छच दिसलं असणार. तिचा हात पुढे जाईना.

"आई, पाणी! पाणी!" ईशाने दोन्ही हात पसरले आणि रडायचं तोंड केलं.

रसिकाने चमचा घेतला. एक चमचा. थांबली. ईशाच्या गळ्याची हालचाल बघितली. दुसरा चमचा. विनीत खाटेची कड धरून उभा होता. ईशाने चिडून पेलाच ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी धरून गटागटा प्यायली, थोडं अंगावर सांडलं, आणि रिकामा पेला आईच्या मांडीवर टाकून दिला.

"अजून," ती म्हणाली.

रसिकाने तिला उचलून छातीशी घेतलं, आपला कान तिच्या पाठीला लावला, आणि ऐकत राहिली.